मांजर मांडीवर असेपर्यंत

भिंतीला थंडी वाजते असं मानणारी बाई मी उभ्या जन्मात एकच बघितली, आणि नेमकं तिच्याच घरात भाड्यानं राहायची वेळ आमच्यावर आली.

माणसाला वाजते ती थंडी वरवरची, असं मालकीणबाईंचं म्हणणं. माणूस काय, हात चोळतो, चहा पितो, उन्हाला जाऊन बसतो. भिंत बिचारी कुठं जाणार? "भिंत गारठली की घर आजारी पडतंय, आन घराची नाडी बगनारा वैद्य हाय का कोन उमरग्यात?" हे त्या इतक्या गंभीर तोंडानं विचारायच्या, की समोरचा माणूस खरंच एकेक वैद्य आठवायला लागायचा.

म्हणून दिवाळी सरून कडाका पडायला लागला की त्या घरातलं झाडून सगळं पांघरूण बाहेर काढायच्या आणि भिंतींना चढवायच्या. दोन सतरंज्या, चार वाकळा, एक शाल, कसर लागलेला एक गालिचा आणि गेलेल्या नवऱ्याची काळी शेरवानी. नवरा निजामाच्या तहसिलीत पेशकार होता, म्हणजे साहेबापुढं कागद ठेवणारा मोठा कारकून. शेरवानीच्या दोन्ही बाह्या पसरून खिळे मारलेले असायचे. लांबून बघितलं तर पेशकारसाहेब भिंतीला कवटाळून उभे आहेत असं वाटायचं. जिवंतपणी ते कुणाला कवटाळत असतील असं काही त्यांच्या फोटोवरून दिसत नव्हतं.

आणि खाली जमिनीवर काय? काही नाही. उघडी शहाबादी फरशी. आलेला पाहुणा त्या उबदार भिंतींकडं बघत फरशीवर बसायचा, आणि बुडातून निघालेली गार कळ पार शेंडीपर्यंत जायची. दोन वेळा आलेला माणूस तिसऱ्यांदा उभ्याउभ्याच बोलून जायचा. मालकीणबाई म्हणायच्या, "मान्सांना आजकाल टेकायला येळच न्हाय."

ते दिवस लढाईचे होते. कापड कंट्रोलवर. दोन फाटकी लुगडी एकमेकांना जोडून बायका एक नेसायच्या. सगळी गल्ली चिंध्यांत आणि ह्यांच्या भिंती शालीत! कुणी बोललं तर म्हणायच्या, "तुमाला फिरून ऊब येती. त्येंना कुटं पाय हायत?"

बैठकीत निजामसरकारची एक तसबीर होती, पेशकारसाहेबांनी नोकरीपायी लावलेली. थंडीत तिलाही कापूस भरलेली खोळ. एकदा तहसिलीतला चपराशी काही कागद घेऊन आला. खोळ बघून भडकला.

"सरकारच्या तोंडावर फडकं घातलं तुमी? वर कळालं म्हंजी?"

"फडकं नव्हं, कानटोपी हाय ती," मालकीणबाई म्हणाल्या. "काढते की. पन सरकारला पडसं झालं तर नाव तुजं सांगनार बग."

चपराश्यानं इकडंतिकडं बघितलं, खोळ आपल्या हातानं नीट ओढून बसवली आणि पाणीसुद्धा न पिता गेला.

घरात माणूस त्या एकट्याच. बाकी तीन जनावरं. दारात एक म्हातारा कुत्रा, त्याचं नाव जमादार. पिंजऱ्यात राघू, तो मुन्शी. आणि चुलीपासून देव्हाऱ्यापर्यंत जिचं राज्य होतं ती पांढरी मांजर, बेगम. पेशकारसाहेबांची हुद्द्यांची हौस बाईंनी जनावरांवर भागवली होती. बरं, जनावरांशी बोलायचं ते पेशकारसाहेबांच्या कचेरीतल्या भाषेत. "आइए बेगमसाहेब, तशरीफ रखिए." "जमादारसाब, जरा तकलीफ करो." आणि आम्हा माणसांना मराठी, तीही तासून. "ए मास्तरनी, सरक की, काय धोंड्यावानी बसलीस!" माझा नवरा शाळेत मास्तर, म्हणून मी मास्तरनी. माझं नाव काय, हे चार वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नाही.

मुन्शीला त्यांनी देवाचे श्लोक शिकवायचा लई घाट घातला. तो शिकला पेशकारसाहेबांचा खोकला. साहेब गेले, खोकला पिंजऱ्यात राहिला. नवीन माणूस घरात आला की आतून घसा खाकरल्याचा, मग दोनदा ढास लागल्याचा आवाज यायचा. माणूस विचारायचा, "साहेब आत हायत का?" बाई म्हणायच्या, "आत न्हाईत, वर हायत." तो माणूस माळवदाकडं बघायचा.

एवढं असून बाई कमालीच्या सोवळ्याच्या. आमच्या पोहऱ्याचा थेंब त्यांच्या घागरीवर उडाला की घागर चिंचेनं घासून तीनदा विसळायची. अंगणात वाळत घातलेल्या माझ्या लुगड्याचा वाऱ्यानं पदर लागला तर त्या माझ्याकडं असं बघायच्या, की मीच फडफडले होते. पण बेगम मात्र उकिरड्यावरून यायची, देव्हाऱ्यात जायची, देवाच्या वस्त्रावर पाय पसरून निजायची. एकदा मी धीर करून विचारलं.

"मालकीणबाई, मांजराचं चालतंय का?"

"मांजराला विटाळ नसतोय. शास्त्रात हाय."

"कुठल्या?"

"तुला वाचता येतंय का शास्त्र?"

"न्हाय."

"मंग कशाला नाव इचारतीस?"

पुढं मी वाचायला शिकले, पण ते शास्त्र काही मला अजून घावलं नाही.

आता माझी अडचण सांगते. मला दिवस गेलेले, आणि पहिलं बाळंतपण ऐन थंडीत यायचं होतं. पहिलटकरणीनं माहेरी जायचं, हा रिवाज. पण माझी आई मी परकरात असतानाच गेलेली, माहेरी बाप एकटा. तो काय बाळंतपण करणार? म्हणजे जे काही व्हायचं ते ह्याच घरात.

आमची खोली उत्तरेच्या अंगाला. दाराच्या दोन फळ्यांमधून बोटं जातील एवढी फट, आणि त्या फटीतून वारा असा यायचा की चिमणी पेटवली की विझलीच. मधली खोली मात्र पेटीसारखी. खिडकी नाही, आणि एक भिंत मालकीणबाईंच्या चुलीच्या पाठीला पाठ लावून. चूल पेटली की ती भिंत दुपारपर्यंत कोमट. त्या खोलीत राहायचं कोण? बेगम.

सुईणीनं आमची खोली बघितली, फटीला हात लावला आणि पोटाकडं बघून म्हणाली, "पोरी, तू निघशील. पन ह्या वाऱ्यात लेकरू पौष न्हाय काढायचं. त्या मदल्या खोलीचं बग कायतरी."

तेव्हापासून मला झोप नाही. दिवसा-रात्री एकच, मधली खोली. शेवटी गेले बाईंकडं. त्या वाकळीला खिळा मारत होत्या.

"मालकीणबाई, दोन महिने मधली खोली दिली असती तर..."

"बेगमला इचारून सांगते."

मला वाटलं थट्टा करतात. थट्टा नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच निरोप दिला, की बेगमलाही दिवस गेलेत आणि तिनं नाही म्हटलंय.

मग मास्तर गेले. वर्गात चाळीस पोरं त्यांच्या नुसत्या भुवईला घाबरायची. मी दाराआड कान लावून उभी. पाच मिनिटांत मास्तर परत आले, खुंटीवरची टोपी काढली, परत खुंटीवर ठेवली.

"काय म्हणाल्या?"

"त्या म्हणतात, बेगमचे दिवस आधी भरतात."

"मग?"

"मग काय? हिशेब बरोबर आहे त्यांचा."

असला नवरा असल्यावर बाईनं मांजराशीच बोलणी करावीत.

मधली खोली सजायला लागली. रंगीत कागद कातरून पताका झाल्या. कोनाड्यात आरसा लागला, बाळंतिणीला करमावं म्हणून. भिंतींना नेहमीप्रमाणं वाकळा. आणि एक वाकळ, सगळ्यांत मऊ, चक्क जमिनीवर अंथरली. त्या घरात जमिनीवर पडलेलं पांघरूण मी पहिल्यांदा बघितलं, तेही मांजरासाठी! मी पोट धरून दारातून बघायची आणि मनातल्या मनात असल्या शिव्या द्यायची, की पोटातल्या लेकरानं कान झाकून घेतले असतील.

मी माझ्या परीनं तयारी केली होती. जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे धुऊन, उन्हात वाळवून एका दुरडीत घडी घालून ठेवले होते. एके दिवशी आडावरून घागर घेऊन आले तर दुरडीतून चीं चीं आवाज. बघते तर बेगम माझ्या बाळाच्या कपड्यांवर पसरलेली आणि पोटाला पाच पिल्लं. एक तुकडा म्हणून कोरा ठेवला नव्हता. मी तिथंच बसून रडायला लागले.

मालकीणबाई धावत आल्या. आधी पिल्लं मोजली. मग दुरडी बघितली, फट बघितली, परत दुरडी बघितली. तोंड पडलं. एवढ्या पताका, एवढा आरसा! पण हार मानणारी बाई नव्हती ती. जरा वेळानं त्यांचा चेहरा उजळला.

"हिला ही खोली पसंत पडली," त्या म्हणाल्या. "म्हंजी खोली चांगली हाय. चांगली खोली तुमी दाबून बसला हुता व्हय गं इतके दिस?"

मी डोळे पुसायचंही विसरले.

"आजच्या आज खाली करा. तुमी व्हा त्या मदल्या खोलीत. पडा तितं जाऊन!"

मास्तर काहीतरी आभाराचं बोलणार होते, मी त्यांना कोपरानं ढकललं. शिक्षा झालेल्यानं हसू नये. दिवस मावळायच्या आत आम्ही चूल, ट्रंक, खाट सगळं मधल्या खोलीत. बाईंनी तिथल्या वाकळा, पताका, आरसा सगळं उतरवून उत्तरेच्या खोलीत नेलं. नेऊ द्या! माझ्या पाठीला चुलीची भिंत होती.

मी बाळंत झाले ती येळवसेला. थंडीतली ती अमावस्या म्हणजे आमच्याकडं शेतातला सण. शेतात कडब्याची कोप उभी करायची, चुन्यानं रंगवलेले दगडांचे पांडव पुजायचे, भज्जी आणि आंबील खायची. गावात त्या दिवशी कुत्रं सापडणार नाही. मास्तर एका विद्यार्थ्याच्या शेतात गेले, माझ्या वाट्याचं जेवण घेऊन येतो म्हणून. सुईणही शेतात. गल्लीत मी आणि मालकीणबाई. जनावरं टाकून त्या कधीच येळवसेला जात नसत.

दुपारी कळा सुरू झाल्या. बाईंनी माझी हाक ऐकली, लुगडं खोचलं, शिडीनं माळवदावर चढल्या आणि गावाबाहेरच्या शेतांकडं तोंड करून सुईणीच्या नावानं असा हंबरडा फोडला, की सुईण हातातलं जेवण टाकून पळत आली. बाकीची दहा-पंधरा माणसंही आली, कुणी मेलं वाटून.

सुईण येईपर्यंत बाई बेगमला कडेवर घेऊन उंबऱ्याच्या बाहेर उभ्या. आत यायचं नाही, विटाळ. बाहेरून धीर द्यायचा.

"वरडू नको. बेगमनं पाच दिली, हूं म्हनून केलं न्हाई. तुजं एकच हाय."

कळा देताना मला हसू आलं, आणि सुईण म्हणते त्यामुळंच सुटले. मुलगा झाला.

चौथ्या दिवशी मी शेगडीजवळ पडलेली. बघते तर बेगम तोंडात पिल्लू धरून उंबऱ्यात. ठेवलं माझ्या पायथ्याला आणि गेली. दुसरं आणलं. तिसरं. मांजर पिल्लांना सात घरं दाखवतं म्हणतात. ह्या मांजरानं उत्तरेची हवा दहा-बारा दिवस खाल्ली आणि शहाणपण शिकलं. पाचवं पिल्लू आलं तसं मला कळून चुकलं. आता ही खोली गेली. जिथं बेगम, तिथं आम्ही नाही.

मागोमाग बाई. उंबऱ्यावर थबकल्या.

"बेगमला ही खोली पायजे."

"मालकीणबाई, ओल्या बाळंतिणीनं कुठं जावं?"

"तेच की. म्हंजी बग आता."

मी बघितलं ते एवढंच, की मला बाहेर काढायचं तर त्यांना आत यावं लागणार, आणि आत आलं की दहा दिवस देव बंद. मी लेकराला जवळ ओढलं आणि पडून राहिले. बाई उंबऱ्यावर. "बेगम! बेगमसाहेब! मेहरबानी करके!" बेगमनं डोळा उघडून बघितलं आणि मिटला. दोन दिवस असं चाललं. बाई सकाळी येऊन उभ्या राहायच्या, दुपारी उभ्या राहायच्या. पिल्लांना बघितल्याशिवाय अन्न जाईना, आणि आत पाऊल टाकवेना.

तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ए मास्तरनी, बेगमला जरा उंबऱ्यावर ठिव."

मी ठेवली. बाईंनी तिला उचलून पोटाशी धरलं, जरा विचार केला, आणि तशाच आत आल्या. मी बघतच राहिले.

"मांजराला विटाळ न्हाई," माझ्यापुढं बसकण मारत म्हणाल्या, "तवा मांजर मांडीवर आसंल तर मांडीलाबी न्हाई."

झालं! शास्त्राला नवीन कलम जोडलं. त्या दिवसापासून बाई बेगमला पुढं धरून, जसा पेशकारसाहेब कचेरीत कागद धरत असतील तशा, आत यायच्या आणि शेगडीशी बसायच्या. मांजर मांडीवर असेपर्यंत सोवळं. आता मांजर ते मांजर. पिल्लू केकाटलं की उडी मारून जायची. ती उतरली रे उतरली की साठीची बाई खारीसारखी उठून उंबऱ्याच्या पलीकडं! मग बाहेरून विनवण्या, मग मी मांजर उंबऱ्यावर ठेवायची, मग परत आत. एका सकाळी मी मोजलं, अकरा वेळा. सुईण लेकराला तेल लावता लावता म्हणाली, "आसलं म्याव म्याव करनारं सोवळं म्या पयल्यांदाच बगितलं बाई."

खोली सोडा म्हणायचं मात्र त्या विसरल्या. का विसरल्या कोण जाणे. मी आठवण कशाला करते? डिंकाचे लाडू करून आणायच्या, चुरून आधी बेगमला, उरलेला मला. "सरीक, बरूबरीच्या बाळंतिनी हायसा तुमी," म्हणायच्या. लेकराकडं बघून म्हणायच्या, "हे बेगमचं सहावं. जरा डावं निगालं, केस न्हाईत अंगावर." आणि एकत्र बसलं की पोटात काय राहतंय? मुलाचं नाव माधव ठेवायचं, हे आमचं ठरलेलं. बारशापर्यंत कुणाला सांगायचं नाही, अशी मास्तरांची ताकीद. ते मी बाईंना सांगून बसले.

नवव्या दिवशी पहाटे असा गारठा पडला, की आडाच्या कठड्यावरचं पाणी हाताला चावायला लागलं. शेगडी केव्हा विझली मला कळलं नाही. जाग आली आणि लेकराला हात लावला तर गार. ओठ निळे. रडेना. मी ओरडले. बाहेर निजलेले मास्तर सुईणीकडं पळाले. बाई बेगमला घेऊन आत आल्या.

लेकराला बघितलं आणि बसल्या. बेगम टुणकन उतरून कोपऱ्यातल्या पिल्लांकडं गेली. बाई उठल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातून लेकरू घेतलं, त्याचं फडकं काढून टाकलं आणि पदराआड, उघड्या पोटाशी धरलं. वरून दोन्ही हातांनी कवळून वाकून बसल्या, बेगम पिल्लांवर बसते तशा. मला म्हणाल्या, "शेगडी फुंक." मी फुंकत राहिले. किती वेळ गेला सांगता यायचं नाही. त्यांच्या पदराआडून आधी एक बारीक कुरकूर आली, मग चांगला खणखणीत टाहो.

बाईंनी लेकरू माझ्याकडं दिलं, आणि तेव्हा त्यांचं कोपऱ्याकडं लक्ष गेलं. बेगम तिथं. मांडी रिकामी. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"बेगम मांडीवर हुती," त्या म्हणाल्या.

"व्हय," मी म्हणाले. "हुती."

मग त्या उठल्या, परसात गेल्या, आणि त्या गारठ्यात आडाच्या पाण्याच्या दोन घागरी डोक्यावर ओतून घेतल्या. त्यांचे दात वाजलेले मला आतपर्यंत ऐकू येत होते. त्या आठवड्यात मुन्शीनं खोकल्याच्या जोडीला दात वाजवायलाही शिकून घेतलं.

बाराव्या दिवशी बारसं. आत्या म्हणून माझी नणंद आली. वन्सं मोठ्या करारी, आल्या आल्या मधल्या खोलीचा ताबा घेतला. गल्लीतल्या बायका जमल्या, पाळणा बांधला. मालकीणबाई धुतलेलं लुगडं नेसून दारात आल्या. विटाळ फिटला होता, त्यामुळं बेगम हातात नव्हती.

वन्संनी दार अडवलं. आवाज मऊ होता, तो तसलाच मऊ असतो.

"तुमी मागनं या हं. सवाष्णींचं काम हाय. तुमच्या वाटच्या घुगऱ्या ठेवते झाकून."

त्यांचं स्वतःचं घर, स्वतःची खोली. मागच्या बारा दिवसांत त्या खोलीत ज्यांनी माझं लेकरू पोटाशी धरलं, त्या विधवा म्हणून उंबऱ्याच्या बाहेर. सगळ्या बायका पाळण्याकडं बघत होत्या. मीही पाळण्याकडंच बघत होते. भिंतीला शाल गुंडाळणाऱ्या बाईला आम्ही वेडी म्हणायचो, आणि शहाण्या आम्ही होतो! बाईंनी उंबऱ्याबाहेरूनच पिल्लांकडं बोट केलं. कुणीतरी पिल्लांची दुरडी बाहेर सरकवली. दुरडी घेऊन त्या उत्तरेच्या खोलीत गेल्या. बेगम मागोमाग.

मला भीती वाटायला लागली. आता बारसं संपलं की ह्या येणार आणि म्हणणार, व्हा बाहेर. काय तोंडानं नाही म्हणायचं?

इकडं पाळणा म्हणायला सुरुवात झाली. बायकांनी एक कडवं म्हटलं असेल नसेल, तोच शेजारच्या खोलीतूनही पाळणा सुरू झाला. भसाडा, पण आमच्यापेक्षा मोठा. आमच्या बायका दबकल्या, थांबल्या. पलीकडची थांबेना. मग गाणं संपलं आणि भिंतीतून स्पष्ट आवाज आला, "कुर्रर्रर्र... माधव! माधवराव बरं का बेगमसाहेब, माधवराव!"

वन्संचं तोंड माझ्या लेकराच्या कानाशी नेलेलं, तसंच राहिलं.

"हिला नाव कुनी सांगितलं?"

मी मान खाली घातली.

"अवलक्षण! मांजराला ठेवलेलं नाव लेकराला? दुसरं काढ. इट्टल ठेव, नारायन ठेव, कायबी ठेव."

बायका माना हलवायला लागल्या. लग्न होऊन आल्यापासून मी वन्संच्या शब्दापुढं शब्द टाकलेला नव्हता. पण मघाशी दार अडवलं तेव्हा मी नुसती पाळण्याकडं बघत राहिले होते.

"न्हाय वन्सं," मी म्हणाले, आणि भिंतीपलीकडं ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले. "माधवच. त्याच्या आधी त्याच्या थोरल्या भावाला ठेवलं, एवढंच."

वन्संनी कुर्र केलं आणि नाव सांगितलं. रिवाजाप्रमाणं बायकांनी त्यांच्या पाठीत गुद्दे घातले, जरा जास्तच जोरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दारात. मी बोचकं बांधायच्या तयारीनंच उभी राहिले.

"खोली ऱ्हाऊ दे शिमग्यापतूर," त्या म्हणाल्या. "आमच्या माधवरावांना उत्तरेची हवा मानवली. तुमचा काय, किडकिडा हाय." एवढं बोलून गेल्या. झाकून ठेवलेल्या घुगऱ्या त्यांनी नेल्या नाहीत. मी जाऊन देऊन आले, आणि त्यांच्याजवळ त्या गार फरशीवर बसून एकाच ताटातल्या खाल्ल्या.

पुढं आमचा माधव रांगायला लागला तोवर तो दुसरा चांगला दांडगा बोका झालेला होता. वाटीत दूध ओतून मी "माधवा" म्हणून हाक मारली की दोघं निघायचे. आधी पोचायचा तो शेपटीवाला. आमचा मागनं सावकाश, वाटेत दिसेल ते तोंडात घालत. आणि खरं सांगायचं तर, आईच्या हाकेला ओ देण्यात आमचा माधव आजतागायत दुसराच आहे.